दोन इंचांची सोय

"श्वास सोड," केतकी म्हणाली.

"सोडलाय," जुई ढमढेरे आरशातून म्हणाली.

"अजून थोडा."

"आता उरलेला पण सोडला, तर रविवारी लग्नाऐवजी दुसरंच काहीतरी उरकावं लागेल."

मी टाचण्यांची डबी घेऊन जुईच्या पाठीमागे उभी होते. चोळीला सात हुक होते. वरचे दोन लागले होते, तिसरा लागतो लागतो म्हणत होता, आणि खालचे चार समोरच्या पट्टीकडे फिसकटलेल्या सोयरिकीतल्या माणसांसारखे दुरूनच बघत होते. मधे चांगली दोन बोटांची फट.

बुधवार होता, सकाळचे अकरा. लग्न रविवारी.

साधी चोळी असती तर दुसरी शिवून दिली असती. पण ही जुईच्या आजीच्या लग्नातल्या शालूची होती. तो शालू कापला त्या दिवशी जुईची आई, वृंदाताई, रडल्या होत्या आणि केतकीने त्या रडण्याचा व्हिडिओ काढून घेतला होता. 'वारसा' नावाचं नवं कलेक्शन येणार होतं, त्याला खरे अश्रू हवे होते. पहिल्यांदा उजेड नीट आला नाही म्हणून वृंदाताई दुसऱ्यांदाही रडल्या. शालूतून चोळी निघाली, ओढणीचे काठ निघाले, आणि उरल्यासुरल्या चिंध्यांचे पाहुण्यांना वाटायला बटवे झाले. म्हणजे आता त्या शालूचा वीतभर तुकडासुद्धा शिल्लक नव्हता.

हे सगळं पुण्यात, भांडारकर रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर. दुकान म्हणायचं नाही, 'अटेलिए' म्हणायचं. हा शब्द केतकी इतका नाकात म्हणायची की नव्या माणसाला वाटावं, बाईंना पडसं झालंय. बाहेर 'केतकी व्ही.' अशी पितळी पाटी होती. वेलणकरांच्या चांगल्या नांदत्या आडनावाचं तिने एक अक्षर ठेवलं होतं. मी इचलकरंजीची पद्मजा म्हेत्रे. माझी तिने पहिल्याच दिवशी 'पॅडी' केली. आडनाव तिने मला कधी विचारलंच नाही.

आमच्या घरी बारा माग. कापडाच्या खडखडाटातच मी वाढले. आमच्याकडे कापड मोजतात, इथे कापडाशी बोलतात, एवढा फरक मला पहिल्या आठवड्यात कळला. बाकीचं शिक्षण असं: सकाळी पितळेच्या घंगाळात पाकळ्या पसरायच्या. केतकीच्या बोक्याचे केस काळ्या मखमलीवरून चिकटपट्टीने काढायचे. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करायच्या. कुणी आलं की 'गिऱ्हाईक आलं' म्हणायचं नाही, 'पाहुणे आले' म्हणायचं. आणि फॅशनच्या कोर्सला आपण जे शिकलो ते विसरायचं, नाही विसरलं तर निदान तसं दाखवायचं नाही.

सहा महिन्यांची इंटर्नशिप त्या बुधवारी संपत होती. संध्याकाळी सहा वाजता केतकी सांगणार होती, ठेवते की नाही ते. ठेवलं नाही तर काय, ते मला तोंडपाठ होतं. इचलकरंजीला परत. काकांच्या गाऊन-परकरांच्या दुकानात बसायचं, आणि तुळशीचं लग्न लागलं की जे पहिलं बरं स्थळ येईल त्याच्यापुढे पोह्यांची बशी धरायची. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं, ते संपलं होतं. मला ते नको होतं. इतकं नको होतं की रोज सकाळी बोक्याचे केस वेचतानासुद्धा मला बरं वाटायचं.

आता मापांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माप घेणं ही केतकीची खरी कला. कपडे काय, कुणीही शिवून देतं. ती टेप बाईच्या कमरेभोवती टाकायची, आकड्यावर अंगठा दाबायची, डोळे मिटायची, आणि जो खरा आकडा असेल त्याच्याहून दोन इंच कमी मोठ्याने म्हणायची. "चौतीस!" छत्तीसची बाई हे ऐकून अशी उजळायची, की बघणाऱ्याला वाटावं हिचा नवस फेडून झाला. त्या दोन इंचांसाठी बायका बाणेरहून यायच्या, नाशिकहून यायच्या, एक तर न्यू जर्सीहून यायची. कपडा घरी नेल्यावरही आतल्या लेबलावर चौतीसच असायचं.

मी चार पावलांवर मापाची वही घेऊन उभी असायचे. केतकी म्हणेल तो आकडा लिहायचा आणि त्याच्यापुढे पेनाचं एक बारीक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे दोन मिळवा. खाली तळघरात कटिंग मास्तर टिंब बघून दोन इंच वाढवून कापत. वही कुणी चाळली तरी टिंबाचा अर्थ त्याला लागत नसे. पुरुषांना टिंब नाही, पोरांना नाही, आणि मुळातच काटकुळ्या मुलींना नाही, कारण त्यांच्याशी खोटं बोलण्याची गरजच पडत नाही. कुणाला द्यायचं हे केतकी सांगायची नाही. माणूस बघून ओळखायचं.

आणि माणूस ओळखण्यात माझा हात धरणारं त्या बंगल्यात कुणी नव्हतं. आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे मी मनातल्या मनात एकेक ओळ लिहून ठेवायचे. वृंदाताई: रडायला एक मिनिट, प्रश्न विचारायला वेळ नाही. केतकी: खोटं सफाईदार, खरं अडखळत. सहा महिन्यांत माझं एक टिंब चुकलं नव्हतं. आज माझं स्वतःचं दुकान आहे, त्याला मी दुकानच म्हणते, आणि लोक म्हणतात, पद्मजाताईंना माणूस बघताक्षणी कळतो. मी तेव्हा विषय बदलते.

तर ती फट.

"जुई," केतकी आवाज मऊ करून म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला की समोरच्याने सावध व्हावं. "डार्लिंग, आपण स्वतःला जरा सैल सोडलंय का?"

"मी?"

"होतं गं. केळवणं असतात. लोक आग्रह करतात."

वृंदाताई सोफ्यावरून उठल्याच. "मी म्हणतच होते! परवा आत्याकडे दोन वाट्या बासुंदी घेतलीस. तिसरी नको म्हणालीस, पण भांड्याकडे बघत म्हणालीस."

"आई, तीन आठवडे मी उकडलेला दुधी खातेय. दुधी! आणि बासुंदी एक वाटी. ती पण आत्याने शपथ घातली म्हणून."

"दोन."

"एक!"

"असू दे, असू दे," केतकी म्हणाली. "अजून चार दिवस आहेत. फक्त काकडी आणि जिऱ्याचं पाणी. शनिवारी पाणीसुद्धा घोट घोट. माझ्या एका ब्राइडने असं केलं होतं. सप्तपदीत चक्कर येऊन पडली बिचारी, पण फोटोत काय दिसली!"

वृंदाताईंनी पर्समधून कागद काढून 'काकडी' असं लिहूनसुद्धा घेतलं.

मी जुईकडे बघितलं. उंच, सरळ, शेवग्याच्या शेंगेसारखी मुलगी. मनातली ओळ मी लिहून मोकळी झाले: रडेल, काकडी खाईल, रविवारी हसेल.

जुई रडली नाही. तिने केतकीच्या गळ्यातली टेप ओढून घेतली, चोळीवरूनच स्वतःच्या कमरेभोवती टाकली आणि आरशात न बघता खाली मान घालून वाचली.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"बरोबर कसं?" केतकी म्हणाली. "आपण माप घेतलं तेव्हा सव्वीस होतं."

"तुम्ही सव्वीस म्हणालात. मला वाटलं, शिवणाऱ्यांचं काहीतरी वेगळं असेल. माझी कंबर अठ्ठावीसच आहे. कॉलेजात चार वर्षं वल्हं मारलंय मी, दर सीझनला मापं घ्यायचे. बासुंदी खाऊन अठ्ठावीस, दुधी खाऊन अठ्ठावीस."

मी केतकीकडे बघत होते. ती आठवत होती. खरोखर आठवत होती. माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान त्याला स्वतःला तरी खरं ठाऊक असतं, असं मी धरून चालले होते. हिला नव्हतं. दोन कमी सांगून सांगून हिची जीभ अशी बसली होती, की जिला गरज नाही त्या मुलीलाही हिने सवयीने दोन इंच सोडून दिले होते. आणि मी, माणसं ओळखणारी, शेंग बघून समजले होते की हिच्या बाबतीत केतकी खरं बोलली असणार.

मी टिंब दिलं नव्हतं.

"पॅडी," केतकी म्हणाली, "वही."

वही बाहेरच्या खोलीत टेबलावर होती. वीस पावलं. मी पान काढलं. ढमढेरे, जुई. उंची, खांदा, छाती. कंबर २६. पुढे कोरं.

विचार करायला वेळच नव्हता, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. वेळ होता. मी पेनाचं टोपण काढलं. पेन चालेना. तळव्यावर दोन रेघा ओढून ते चालू केलं. आणि मग टिंब दिलं, कमरेच्या आकड्यापुढे. एवढ्या वेळात माणूस तीनदा सुधारू शकतो.

केतकीने वही घेतली, मायलेकींकडे पाठ केली आणि ओळीवर बोट ठेवलं. टिंब दिसल्यावर तिचा चेहरा सैल झाला. चूक वरची नव्हती, तळघरातली होती.

"मास्तरांना वर बोलव."

कटिंग मास्तर म्हणजे उत्तम बगाडे. मूळचे बार्शीचे, साठी उलटलेले. केतकीची आई घरच्या घरी ब्लाऊज शिवून द्यायची तेव्हापासून कापायला हेच. अख्ख्या बंगल्यात ज्याच्या नावापुढे मी ओळ लिहिली नव्हती असा हा एकच माणूस. मला कात्री धरायला त्यांनी शिकवलं. "तू कापू नगं, पद्मे. कात्रीला चालू दे, तू निस्ती संगट जा." कोर्सच्या दोन वर्षांत हे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी मी खाली जाऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसून त्यांच्याबरोबर डबा खायचे, आणि वरच्या लोकांच्या नकला करून दाखवायचे. ते हसायचे आणि म्हणायचे, "पुरे गं, ठसका लागंल."

वर येताना ते चपला जिन्यात काढून येत, कारण वरची फरशी पांढरी होती. बोका तिच्यावरून चारी पायांनी हिंडायचा.

"मास्तर," केतकी म्हणाली, "ही चोळी दोन इंचांनी कमी झालीय. हे बघा. हे तुम्हाला दिसलं नाही?"

तिने वहीतल्या ओळीवर नख ठेवलं, टिंबाच्या बरोबर खाली. मास्तरांनी वही हातभर लांब धरली. मग जवळ आणली. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच.

"दिसलं न्हाई, बाई," ते म्हणाले. "डोळं गेलं आता. चष्म्याचा लंबर बदलाय झालाय."

"यांची माफी मागा."

मास्तरांनी हात जोडले. समोर चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. ती घाईने म्हणाली, "अहो काका, नको, नको!" पण वृंदाताईंना आता रागवायला जागा सापडली होती.

"माझ्या सासूबाईंचा शालू होता हो तो! दिसत नाही तर कात्री धरता कशाला?"

"चुकलं, ताई."

"चुकलं म्हणजे? कापड कुठून आणणार आता?"

"चार वाजेस्तवर वेळ द्या," मास्तर म्हणाले. "बघतो काय हुतंय का. कापड तर न्हाईच. आता देवाला काळजी."

केतकीने डोळे मिटून मान हलवली. घरच्या जुन्या माणसाला सांभाळून घेण्याचा हा तिचा चेहरा होता, तो ती वर्षातून दोनदा वापरायची.

मी चोळी घेऊन त्यांच्या मागोमाग तळघरात गेले. जिन्यातून उतरताना मी वाक्यं जुळवत होते. ती सगळी 'मास्तर, त्याचं काय झालं' अशी सुरू होत होती.

मास्तरांनी काही ऐकायच्या आत चोळी उलटी केली, ब्लेडने बाजूच्या अस्तराचे चार टाके उसवले आणि आतली शिवण माझ्यापुढे धरली. मी बघतच राहिले. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. रिवाज अर्ध्या इंचाचा. इथे दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, चांगली इंच-इंच माया शालूच्या जरीसकट आत निजलेली होती. उसवून बाहेर घेतली की दोन इंच सहज निघणार होते.

"मास्तर, एवढी माया?"

"म्हातारीचा शालू. पुन्हा मिळायचा न्हाई," ते म्हणाले. टाके काढता काढताच बोलत होते. "अन् माप बघितलंस का? उंची बघ तिची. खांदा बघ, किती लिवलाय. एवढ्या खांद्याच्या पोरीला सव्वीस कंबर कुठनं असंल? म्हटलं, टिंब द्यायचं ऱ्हायलं वाटतं. पर वहीत न्हाई ते मी का कापायचं? म्हणून सव्वीसच शिवली अन् बाकीचं आत सोडून ठिवलं. ट्रायलला कळंलच म्हटलं."

"मला विचारायचं होतंत की."

"इचारणार हुतो. तू दोन दिस फोटोच्या कामावर हुतीस. मग गेलं डोक्यातनं."

मी उभीच होते. ब्लेडचा बारीक आवाज येत होता, टिक, टिक.

"म्हणजे टिंब…" मी म्हणाले.

"टिंब नव्हतं म्हणून तर माया सोडली, पद्मे. टिंब असतं तर सरळ अठ्ठावीस कापून मोकळा झालो नसतो व्हय?"

त्यांनी मान वर केली नाही. मी 'माझं चुकलं' म्हणायला हवं होतं. दोन शब्द. मघाशी वर त्यांनी यातला एक किती सहज म्हणून दाखवला होता, आणि तो त्यांचा नव्हताच.

"आज माझे सहा महिने संपतात," मी म्हणाले.

"ठाऊक हाय."

"घरी गेले तर परत यायला मिळणार नाही."

"ते बी ठाऊक हाय."

"मग वर का नाही सांगितलंत? टिंब नंतर दिलंय म्हणून?"

आता ते थांबले. ब्लेड बाजूला ठेवलं.

"काय सांगायचं हुतं? बाई दोन इंच खोटं बोलली, तू टिंब खोटं दिलंस. मधी मी एकटा खरं बोललो असतो तर त्या पोरीच्या आईम्होरं सगळ्या वहीची भानगड उघडी पडली असती. हितं चौदा माणसं काम करत्यात." मग चोळी पुन्हा हातात घेत म्हणाले, "जा वर. चार वाजेस्तवर कुणाला खाली सोडू नगं. काम अर्ध्या तासाचं हाय. पर अर्ध्या तासात दिलं तर त्या बायांना वाटंल, चूक बी तेवढीच हुती."

आणि मास्तरांनी काम अर्ध्या तासात संपवलं, हे मला ठाऊक आहे, कारण बारा वाजता मी चहा घेऊन गेले तेव्हा चोळी इस्त्री होऊन हँगरला लागली होती आणि मास्तर कापायच्या टेबलावर आडवे होऊन घोरत होते.

वर केतकीने वातावरण केलं होतं. खिडक्यांचे पडदे ओढले, उदबत्ती लावली, आणि वृंदाताईंना सांगितलं की मास्तर एकेक धागा मोकळा करतायत, हे काम आता पुण्यात फक्त दोघांना येतं. वृंदाताईंनी सारसबागेतल्या गणपतीला नारळ बोलला. मग तो कमी वाटून अकरा केले.

जुई मात्र व्हरांड्यात येऊन माझ्यापाशी उभी राहिली. "इथे जवळ खायला काय मिळतं?"

"काकडी?"

ती हसली. "मार खाशील. काहीतरी खरं सांग."

मी कोपऱ्यावरून तिला दोन ग्रिल सँडविच आणून दिली. ती खांबाआड उभी राहून, आईला दिसणार नाही अशी, दोन्ही खाऊन मोकळी झाली. बोटं पुसत म्हणाली, "एक कळलं नाही मला. तुमच्या मॅडम सव्वीस म्हणाल्या. तू सव्वीस लिहिलंस. त्या काकांनी सव्वीस शिवलं. मग त्यांना दिसलं नाही ते काय?"

सबंध दिवसात एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मी तिच्या नावापुढची ओळ मनात खोडली, पण नवी लिहिली नाही.

"टेक्निकल असतं ते," मी म्हणाले.

"अच्छा," जुई म्हणाली. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तळव्यावरच्या निळ्या रेघा मी मुठीत धरल्या होत्या.

चारला चोळी वर आली. सातच्या सात हुक लागले. वृंदाताई तिसऱ्यांदा रडल्या. या वेळी उजेड उत्तम होता आणि केतकीने व्हिडिओ एकाच टेकमध्ये घेतला. "मी मास्तरांना नेहमी सांगते," ती कॅमेऱ्यापलीकडून म्हणत होती, "आत माया ठेवा, आत माया ठेवा. कपडा म्हणजे शेवटी नातं आहे." व्हिडिओत मास्तर नव्हते. त्यांना कुणी वर बोलावलंच नाही. निघताना जुई म्हणाली, "त्या काकांना माझं थँक्यू सांगा," आणि केतकी म्हणाली, "ऑफ कोर्स," आणि मला म्हणाली, "पॅडी, ते घंगाळातलं पाणी बदल."

सहा वाजता तिने मला आत बोलावलं. बोका तिच्या मांडीवर होता.

"तू आज गोंधळली नाहीस," ती म्हणाली. "वही मागितली, वही दिलीस. तोंडावर काही नाही. मला अशी माणसं लागतात. उद्यापासून तू असिस्टंट डिझायनर. खूश?"

"हो मॅम."

"मॅम नाही गं, केतकी. आपण फॅमिली आहोत." ती बोक्याचा कान कुरवाळत होती. "आणि तुझं पहिलं काम. नवा मास्तर बघ. तरुण बघ. उत्तमराव स्वतःच म्हणाले ना, डोळे गेले म्हणून. आज शालू होता, उद्या काय असेल? माझ्याने सांगवणार नाही. आईच्या वेळचा माणूस, मी परकरी वयापासून बघते त्यांना. तूच सांग. तुझं ऐकतात ते."

"आज?"

"आजच सांग. महिनाअखेरपर्यंत राहा म्हणावं. आणि प्रेमाने सांग."

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. सगळं जिभेवर आलं होतं, टिंब, माया, ते तिच्या अंगठ्याखालचे दोन इंचसुद्धा. समोर बोका जांभई देत होता. मी म्हणाले, "थँक्यू, केतकी."

केतकी. पहिल्यांदाच म्हणाले, आणि जिभेला काही जड गेलं नाही.

तळघरात उजेड होता. मास्तर दिवसाचा कचरा आवरून स्टुलावर बसले होते, बिडी न पेटवता नुसती बोटात फिरवत. जिन्यात माझी पावलं ऐकून त्यांनी वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. माणसं ओळखायला मीच त्यांच्यापेक्षा हुशार, असं सहा महिने मी समजत होते.

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, केतकी खाली आली की उठायचे तसे. बिडी कानावर ठेवली. खांद्यावरच्या फडक्याने स्टूल पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"या, मॅडम," ते म्हणाले. "बसा."

"मास्तर, असं काय करताय?"

"बसा की. वरनं निरोप घिऊन आलाय, उभ्यानं कशाला सांगताय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. माझा रोजचा कापडाचा गठ्ठा त्यांनी उचलून भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवून दिला होता.

खाली स्टूल एकच होतं. मी बसले.